पाच मुली, चार स्कोअर: ला कोस्टाच्या मैदानावरून

शनिवार, १७ मे २०२५

उजाडायच्या आत उत्तर कॅलिफोर्नियातलं आमचं सनीव्हेल सोडलं. गाडीत मी, नवरा आणि पुण्याहून सुट्टीला आलेली माझी भाची. तिचा दहावीचा निकाल याच आठवड्यात लागला. आमच्या ओट्याशी उभं राहून तिने तो फोनवर पाहिला आणि त्याच दमात विचारलं, "मावशी, मग आपण कार्ल्सबादला जातोय ना?"

ती येरवड्याच्या कोर्सवर गोल्फ खेळते आणि तिला अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या संघातून खेळायचंय. त्या जगातली सगळ्यांत मोठी स्पर्धा म्हणजे एनसीएएची, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांच्या संघटनेची, महिला गोल्फ चॅम्पियनशिप. यंदा ती पुन्हा सॅन डिएगोच्या उत्तरेला, कार्ल्सबादच्या ला कोस्टा रिसॉर्टवर भरली आहे. खेळ कालच सुरू झाला. शुक्रवारी नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आमचा पहिला दिवस हुकला.

आपल्याकडे बायकांचं गोल्फ म्हटलं की अदिती अशोकचंच नाव निघतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, तेव्हा ज्यांनी आयुष्यात गोल्फ पाहिला नव्हता तेही पहाटे उठून टीव्हीसमोर बसले होते. पण अदिती कॉलेजच्या वाटेने गेली नाही. शाळा संपता संपता, २०१६ मध्ये ती थेट व्यावसायिक झाली. शिकता शिकता खेळायचं आणि खेळता खेळता पदवी घ्यायची ही दुसरी वाट आपल्या आईवडिलांना फारशी ठाऊक नसते. ताई आणि भावोजींनाही ती नीट कळलेली नाही. त्यांना फोनवर समजावण्यापेक्षा आधी आपण डोळ्यांनी पाहून यावं, असं मला वाटलं.

आय-फाइव्हचा रस्ता सगळे कंटाळवाणा म्हणतात, मला तो आवडतो. मैलोन्‌मैल बदामाच्या बागा, मध्येच करपलेलं माळरान, पुन्हा बागा. हॅरिस रँचपाशी गुरांच्या गोठ्यांचा वास आला तशा काचा वर घेतल्या. केटलमन सिटीला थांबून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. पुढे ग्रेपव्हाइनचा घाट, आणि घाट उतरला की लॉस एंजेलिसची गर्दी. तिथे व्हायचा तेवढा उशीर झालाच.

वाटेत भाचीने इतिहास वाचून दाखवला. अमेरिकेत कॉलेजच्या मुलींसाठी पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात झाली. ती ग्लॅडिस पामर यांनी भरवली होती. मुलींनी अशा चढाओढीत उतरावं की नाही यावर तेव्हा शिक्षकांमध्येच मतभेद होते, तरी या बाईंनी ती भरवली. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करता येणार नाही, असा 'टायटल नाइन' कायदा १९७२ मध्ये आला आणि शिष्यवृत्त्यांची दारं उघडली. एनसीएएने मुलींची स्पर्धा आपल्याकडे घेतली ती १९८२ मध्ये. ती पहिली स्पर्धा आमच्या घराजवळच्या स्टॅनफर्ड गोल्फ कोर्सवर झाली आणि टल्साच्या संघाने जिंकली. त्या कोर्सच्या कुंपणाशेजारून मी कित्येक वर्षं गाडी हाकते आहे, आणि हे मला आज कळतंय.

कार्ल्सबादला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मोटेलच्या खोलीत मेतकूट-भात खाल्ला आणि झोपलो.

रविवार, १८ मे

सकाळी बाहेर पाहिलं तर आकाश राखाडी. समुद्रावरून येणारा ढगांचा हा थर इथे मे महिन्यात रोजच असतो. लोक त्याला 'मे ग्रे' म्हणतात. तो विरेपर्यंत हवेत गारवा असतो आणि गवत ओलं असतं. अशा गवतावर चेंडू कमी घरंगळतो, म्हणून सकाळी निघालेल्या मुलींना आणि दुपारी निघालेल्यांना मैदान सारखं लागत नाही.

ला कोस्टा १९६५ चं. पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धा इथे पूर्वी वर्षानुवर्षं होत. ज्या नॉर्थ कोर्सवर ही स्पर्धा चालू आहे तो गोल्फची मैदानं आखणाऱ्या गिल हॅन्सने नव्याने घडवला आणि २०२४ मध्ये पहिल्यांदा या मुलीच त्यावर उतरल्या. रुंद फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, कडेला ओबडधोबड काठांचे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, मधून जाणारे कोरडे ओढे आणि टणक ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ. उंचावरून आलेला चेंडू ग्रीनवर पडून थांबेल असं वाटतं, पण तो पुढे पळत राहतो. इथे फटका कुठे पडतो यापेक्षा कुठे थांबतो ते महत्त्वाचं.

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रत्येक संघातून पाच मुली खेळतात. दिवसअखेर पाचांपैकी चांगले, म्हणजे कमी फटक्यांचे, चार स्कोअर मोजतात, पाचवा टाकून देतात. रोज एक फेरी, अठरा होलची. होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून, टीपासून, चेंडू घालायच्या खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा. तीन फेऱ्यांनंतर ३० संघांतले १५ उरतात, चौथ्या फेरीनंतर आठ. तिथून पुढे मॅच प्ले. म्हणजे एका संघाच्या पाच मुली विरुद्ध दुसऱ्या संघाच्या पाच, एकीसमोर एक, आणि ज्यांचे तीन विजय आधी ते पुढे.

ऐकायला सोपं आहे. पण पाचवा स्कोअर 'टाकून देतात' म्हणजे काय, ते मैदानावर चालल्याशिवाय कळत नाही. कुठलीही मुलगी सकाळी टीवर उभी राहते तेव्हा आज आपला स्कोअर मोजला जाणार की नाही हे तिला ठाऊक नसतं. पाच तास ती चालते, सगळं अंगावर घेते, आणि संध्याकाळी कळतं की तिचे सगळे फटके हिशोबात नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं असतं. गोल्फ हा एकट्याचा खेळ म्हणतात. कॉलेजच्या गोल्फमध्ये एकटेपणा तसाच राहतो, वर चौघींची जबाबदारी येते.

भाचीला अर्थातच आधी मेघा गन्नेला पाहायचं होतं. मेघा न्यू जर्सीची, आईवडील भारतातून आलेले, खेळते स्टॅनफर्डकडून. २०२१ मध्ये, शाळेत असतानाच, सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑलिंपिक क्लबवर झालेल्या यूएस विमेन्स ओपनच्या पहिल्या दिवशी ती बरोबरीने आघाडीवर होती आणि शेवटी सगळ्या हौशी खेळाडूंमध्ये पहिली आली. स्टॅनफर्डच्या लाल टोपीत ती दिसली तेव्हा भाची माझा दंड धरून इतकी जवळून चालायला लागली की मला पाऊल टाकता येईना.

कॉलेजच्या गोल्फमध्ये कॅडी नसतात. मुली आपली बॅग स्वतः खांद्यावर घेतात किंवा तीनचाकी गाडीवरून ढकलत नेतात. पण व्यावसायिक खेळात नसलेली एक गोष्ट इथे आहे: कोचला खेळ चालू असताना खेळाडूशी बोलता येतं. मुख्य कोच आणि मदतनीस असे दोघे मैदानावर असतात आणि मुली पाच, पाच वेगवेगळ्या होलवर. तेव्हा कोणाबरोबर चालायचं आणि कोणाला एकटीला सोडायचं, हा कोचचा दिवसभराचा प्रश्न.

स्टॅनफर्डच्या कोच अ‍ॅन वॉकर. मूळच्या स्कॉटलंडच्या, स्टॅनफर्डचा परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या बर्कलीकडून खेळलेल्या, आणि २०१२ पासून स्टॅनफर्डमध्ये. त्यांच्या संघाने २०१५, २०२२ आणि २०२४ मध्ये ही स्पर्धा जिंकली. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या कोच म्हणजे सतत सूचना चालू असतील. मी जेवढं पाहिलं त्यात त्या बहुतेक वेळ नुसत्या चालत होत्या.

दुपारनंतर आम्ही मागच्या गटांकडे वळलो आणि तिथे जे पाहिलं ते मला या प्रवासातलं सगळ्यांत मोलाचं वाटतं. संघाचं नाव लिहीत नाही, कारण त्या मुलीच्या वाईट दिवसाबद्दल लिहिते आहे. आम्ही तिला गाठलं तेव्हा तिच्या ओळीने तीन बोगी झाल्या होत्या, म्हणजे प्रत्येक होलवर ठरलेल्या फटक्यांपेक्षा, पारपेक्षा, एक फटका जास्त. पुढच्या होलवर चेंडू बंकरमध्ये गेला. पहिल्या फटक्याला वाळू उडाली, चेंडू काठाला लागून पुन्हा पायाशी आला. दुसऱ्याला बाहेर पडला. तिने वर पाहिलंच नाही.

तिच्या कोच बंकरच्या कडेला उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ती बाहेर आल्यावर त्यांनी दंताळं उचललं, बंकरमध्ये उतरल्या आणि वाळू सारखी करायला लागल्या. घाईने नाही, तिचे पाय रुतलेले दोन खड्डे, चेंडूची घळ, सगळं नीट. दंताळ्याच्या दातांच्या सरळ रेघा वाळूवर उठेपर्यंत. मुलगी तोवर पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, आटोपून पुढच्या टीकडे निघाली होती. कोच झपाझप चालत तिच्या बरोबरीला आल्या, खिशातून पीनट बटर सँडविचचा अर्धा तुकडा काढून तिला दिला आणि विचारलं, "तुझ्या भावाने कुत्र्याचं नाव काय ठेवलं शेवटी?"

आम्ही दोरीच्या या बाजूला, चार-पाच हातांवर होतो. मुलीने नाव सांगितलं ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण ती खाता खाता बोलत होती. त्या होलवर तिने पार केला, पुढच्यावर लांबचा पट घातला. कोच तिच्याबरोबरच राहिल्या. त्यांच्या संघातली सगळ्यांत चांगली खेळणारी मुलगी दोन होल पुढे होती, तिच्याकडे त्या गेल्या नाहीत.

मग मागच्या गटातल्या त्यांच्याच संघातल्या दुसऱ्या मुलीचे चेंडू पाण्यात गेले आणि दिवसअखेर या मुलीचा स्कोअर चौथा ठरला. टाकायचा तो मोजला गेला. फलकापाशी उभं राहून भाचीने बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "एका फटक्याने, मावशी. एकाच."

सोमवार, १९ मे

आज वैयक्तिक विजेतेपदाचा दिवस. काल उरलेल्या १५ संघांच्या मुली आणि संघ बाद झाला तरी स्वतः पात्र ठरलेल्या काहीजणी खेळल्या. कोलंबियाची मारिया होसे मरिन जिंकली. ती आर्कान्सा विद्यापीठाची. याच विद्यापीठाच्या मारिया फासीने २०१९ मध्ये हा किताब मिळवला होता.

संघांमध्ये स्टॅनफर्ड खूपच पुढे होता. चार फेऱ्यांचा मिळून त्यांचा स्कोअर २७ अंडर, म्हणजे पारपेक्षा २७ फटके कमी, या स्पर्धेतला विक्रम. दुसऱ्या संघावर आघाडी वीसहून जास्त फटक्यांची. स्ट्रोक प्लेवरच, म्हणजे एकूण फटक्यांवरच, निकाल लागत असता तर आजच करंडक द्यायला हरकत नव्हती. २०१५ च्या आधी तसाच लागायचा. आता ही आघाडी उद्या सकाळी पुसली जाते आणि सगळे पुन्हा एका रेषेवर येतात. नवऱ्याला हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. चार दिवस सातत्य दाखवणं ही एक परीक्षा आणि समोरच्या एका माणसाला हरवणं ही दुसरी. राष्ट्रीय विजेत्या संघाला दोन्ही जमल्या पाहिजेत.

दुपारच्या जेवणाच्या वेळी बाकावर एक बाई शेजारी बसल्या होत्या. त्यांची मुलगी काही वर्षांपूर्वी कॉलेजकडून खेळायची. २०२१ च्या बॅटन रूजच्या विभागीय फेरीचा विषय त्यांनीच काढला. तिथे तीन दिवस पावसाने मैदान धरलं. तिसऱ्या दिवशी आयोजकांनी सांगितलं की मैदानावर खेळता येईल, पण राष्ट्रीय स्पर्धेच्या दर्जाने नाही, आणि फेरी रद्द केली. १८ संघांपैकी मानांकनातले वरचे सहा पुढे गेले. उरलेल्या बारा संघांचा मोसम एकही फटका न मारता संपला. ते जाहीर झालं तेव्हाची मुलींची रडारड आणि कोचांचा संताप देशभर लोकांनी पाहिला. हे सांगताना त्या बाईंचा आवाज चढला. चार वर्षं झाली तरी तो राग गेलेला नाही, आणि तो जाऊही नये असं मला वाटतं. पावसाने वाहून गेलेला एक दिवस मुलींनी समजून घेतला असता. पण संध्याकाळपर्यंत वाट पाहा, नऊ होल तरी खेळवा, एवढंच त्या मागत होत्या.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. कार्ल्सबादमध्ये रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीची शेतं आहेत, तिथून एक बादली तोडून आणली. गोल्फच्या काठ्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं याच गावात आहेत, कॅलवे आणि टेलरमेड दोन्ही. भाचीने त्यांच्या पाट्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेतले.

मंगळवार, २० मे

आजचा दिवस पायांचा. सकाळी उपांत्यपूर्व फेरी, दुपारी उपांत्य. जो संघ दोन्ही जिंकतो त्याच्या मुली ३६ होलपर्यंत चालतात, बॅग घेऊन, चढउतारावर. आम्ही निम्मंच चाललो तरी माझ्या पोटऱ्या भरून आल्या.

मॅच प्लेमध्ये एकूण फटक्यांना अर्थ नाही. होल जिंकला, हरला किंवा बरोबरीत सुटला, एवढंच. एका होलवर दहा फटके गेले तरी नुकसान एकाच होलचं. त्यामुळे कालची पाचवी आज कोणालाही हरवू शकते. आज टाकून द्यायचा स्कोअर नाही, पाचही सामने मोजायचे. कालपर्यंत ज्या कोचने आपला वेळ पाचवीवर खर्च केला त्याला त्याचं फळ आज मिळतं. तीन गुण हवेत आणि तुमच्याकडे दोनच नावाजलेल्या मुली असतील, तर तिसरा गुण आणायचा कोणी?

मॅच प्ले किती उलटापालटा करू शकतो याची गोष्ट भाचीला पाठ आहे. २०१५, फ्लोरिडा, मॅच प्लेचं पहिलंच वर्ष. अंतिम सामना स्टॅनफर्ड आणि बेलर यांच्यात, २-२ बरोबरी. शेवटच्या सामन्यात स्टॅनफर्डची मरायाह स्टॅकहाउस दोन होल शिल्लक असताना दोन होलनी मागे. तिने सतरावा जिंकला, अठरावा जिंकला, आणि जादा होलवर बेलरच्या हेली डेव्हिसला हरवून विद्यापीठाला पहिला करंडक मिळवून दिला. वॉकर यांचाही तो पहिला.

आज संध्याकाळी अंतिम जोडी ठरली: स्टॅनफर्ड आणि नॉर्थवेस्टर्न.

नॉर्थवेस्टर्नबद्दल मला काहीच माहिती नव्हतं. हे विद्यापीठ शिकागोच्या उत्तरेला एव्हन्स्टनला, मिशिगन सरोवराच्या काठावर. तिथे हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली असतात. स्टॅनफर्डच्या मुली जानेवारीत अर्ध्या बाह्यांच्या शर्टात सराव करतात, तेव्हा या मुली छपराखाली जाळीत चेंडू मारतात. जाळीत फटक्याचा आवाज येतो, पण चेंडू कुठे गेला ते डोळ्यांना दिसत नाही. हवामानामुळे थंड प्रदेशातल्या कोचला चांगल्या मुली आपल्याकडे ओढणं अवघड जातं. एमिली फ्लेचर २००८ पासून हेच करताहेत. २०१७ मध्ये त्यांचा संघ अंतिम फेरीपर्यंत आला होता, तोही घराजवळ, इलिनॉयमध्येच, आणि अ‍ॅरिझोना स्टेटकडून हरला. अ‍ॅरिझोना म्हणजे तर बारमाही उन्हाचा प्रदेश.

भाचीला मी म्हटलं, बर्फात राहायची तयारी आहे का? ती म्हणाली, "पुण्यात मे महिन्यात दुपारी दोनला खेळते मी. बर्फाचं काय घेऊन बसलीस."

आज एक गोष्ट जवळून पाहिली. एका संघाचे मदतनीस कोच आमच्या अगदी बाजूने गेले. भाचीच्या टोपीवर पुण्याच्या स्पर्धेचं चिन्ह होतं, त्याकडे त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. भाची गोंधळली. मग तिलाच आठवलं: शाळेचं दहावं वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनच्या आधी पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांच्या कोचना मुलीशी प्रवेशाबद्दल बोलता येत नाही. मुलीने पत्र लिहिलं तरी सर्वसाधारण माहितीपलीकडे उत्तर देता येत नाही. पूर्वी तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना तोंडी शब्द देऊन ठेवायची चढाओढ लागायची, म्हणून हे बंधन आणलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. भाचीचं दहावं वर्ष संपलंय आणि १५ जून महिन्याच्या आत आहे. आतापर्यंत महिला गोल्फला एका विद्यापीठाला जास्तीत जास्त सहा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटता येतात. म्हणजे संघात असणं आणि पूर्ण खर्च सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी. ताईशी रात्री फोनवर बोलताना आधी हेच सांगितलं. भावोजींनी वही घेऊन लिहून घेतलं.

बुधवार, २१ मे

अंतिम सामना दुपारी. सकाळी खोलीत बसवेना म्हणून सराव मैदानावर गेलो. कालपर्यंत जिथे गर्दी होती तिथे आज दोनच संघ, लाल आणि जांभळा. नॉर्थवेस्टर्नच्या मुली पटिंग ग्रीनवर गोल करून उभ्या होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या. स्टॅनफर्डच्या बाजूला शांतता होती. त्यावरून मी काही अंदाज बांधला नाही. काही संघ हसून सैल होतात, काही गप्प राहून.

पाच सामने एकामागून एक सुटले. आता प्रेक्षकांचाही तोच प्रश्न, कोणाबरोबर चालायचं? आम्ही मेघाबरोबर निघालो, मग सामने जवळ आले तसे इकडून तिकडे. फलक बघता बघता पालटत होता. एका सामन्यात जांभळं नाव पुढे, दुसऱ्यात लाल. जयघोष दुसऱ्या फेअरवेवरून यायचा आणि सगळे माना वळवून तो कोणाचा ते ओळखायचा प्रयत्न करायचे. टीव्हीवर हे कळत नाही. तिथे कॅमेरा लगेच तिकडे जातो. इथे अर्धा वेळ कानांवर भिस्त.

शेवटी २-२ झाले आणि मैदानावर एकच सामना राहिला: नॉर्थवेस्टर्नची डायना ली आणि स्टॅनफर्डची आंद्रेआ रेवुएल्ता. आंद्रेआ स्पेनची, विद्यापीठातलं पहिलंच वर्ष. ज्यांचे सामने संपले होते त्या सगळ्या मुली, जिंकलेल्या आणि हरलेल्या, आपापल्या रंगाच्या घोळक्यात ग्रीनच्या कडेला येऊन मांडी घालून बसल्या. त्यांच्या हातात आता काही नव्हतं. चार दिवस स्ट्रोक प्ले, काल दोन सामने, आज चार सामन्यांचे निकाल, हे सगळं करून आता गवत उपटत बघत राहायचं.

अठरावा पार पाच, ग्रीनपाशी पाणी. निकाल तिथेच लागायचा होता. लीचा चेंडू होलपासून चार-एक फुटांवर होता. चार फूट म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलाच्या लांबीपेक्षाही कमी अंतर. सरावात या मुली असे पट डोळे मिटून घालतात. ती चेंडूच्या मागे बसली, उतार पाहिला, उठली. एकदाच हात हलवून पाहिला आणि घातला.

चेंडू आत पडल्याचा आवाज आला की नाही कोण जाणे, कारण त्याआधीच जांभळा घोळका उठून धावत सुटला होता. नॉर्थवेस्टर्न ३, स्टॅनफर्ड २. महिला गोल्फमधलं त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद, वीसहून जास्त फटक्यांनी पुढे असलेल्या संघाला हरवून. भाची स्टॅनफर्डची टोपी घालून आली होती आणि टाळ्या वाजवत होती. मीही वाजवत होते. डोळे भरले होते आमचे, कोणाच्या बाजूने ते विचारू नका.

पण मी पाहत राहिले ते दुसऱ्या बाजूला. स्टॅनफर्डच्या मुली लगेच ग्रीनवर गेल्या आणि आंद्रेआच्या भोवती उभ्या राहिल्या. त्या काय बोलल्या ते ऐकू येण्याइतक्या जवळ आम्ही नव्हतो. पाहुण्यांना, पंचांना हात मिळवून झाले, दोन्ही संघांच्या मुलींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मग त्या सगळ्याजणी मिळून, तिला मध्ये घेऊन, क्लबहाउसच्या दिशेने गेल्या.

रात्री भाचीने वही काढली. विद्यापीठांची यादी तिने पुण्यातच करून आणली होती, त्यात एव्हन्स्टनचं नाव नव्हतं. ते लिहिलं. आणखी तीन थंड प्रदेशांतली नावं लिहिली. रविवारच्या त्या कोचच्या विद्यापीठाचं नाव तिने सगळ्यांत वर घातलं.

गुरुवार, २२ मे

परतीला निघालो. घाट चढेपर्यंत भाची झोपली होती. घाट उतरल्यावर उठली आणि कोचना लिहायच्या पत्राचा मसुदा मला वाचून दाखवला. पहिल्या परिच्छेदात तिने आपल्या चांगल्या फेऱ्यांचे आकडे दिले होते, ते ठीकच. दुसऱ्यात लिहिलं होतं की शाळेच्या संघातून खेळताना माझा स्कोअर कितीदा मोजला गेला नाही आणि त्यानंतरच्या फेरीत मी काय खेळले. नवरा म्हणाला, हे कशाला लिहितेस, वाईट दिसेल. मी म्हटलं, राहू दे.

स्टॅनफर्डच्या रस्त्याने आलो तेव्हा ती म्हणाली, इथे थांब. कोर्सवर बाहेरच्यांना असंच आत जाता येत नाही, म्हणून कडेच्या रस्त्यावर गाडी लावून कुंपणातून पाहिलं. ओकची झाडं, त्यांच्या मधून जाणारा फेअरवे, आणि दूर एकटाच माणूस सराव करत होता.

पुढच्या वर्षी, २०२६ मध्येही ही स्पर्धा ला कोस्टालाच आहे. पुण्याच्या शाळांना तेव्हा सुट्टी असते. ताई म्हणाली, आम्हीही येतो, मोटेलच्या खोल्या आत्ताच बघून ठेव.